शंभर ते एकशेवीस शब्द

वाशिम असो की रिसोड, मालेगाव असो की मानोरा, निबंधाच्या तासाला एक प्रश्न हटकून कानी पडतो : "सर, किती लेहू?" सुरुवात कशी करावी, कोणता मुद्दा आधी घ्यावा, हे विचारणारी मुले थोडी. किती लिहायचे, हे मात्र पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वांनाच हवे असते. गुरुजींचे उत्तरही बहुधा ठरलेले : "पानभर लिही."

आता हे 'पानभर' म्हणजे काय? टपोऱ्या अक्षराच्या मुलाचे पान साठ शब्दांत भरते, बारीक अक्षराच्या मुलीचे दोनशेंतही भरत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत मात्र माप स्पष्ट छापलेले असते. 2019 पासून चालत आलेल्या या ऐंशी गुणांच्या पत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एक कृती आठ गुणांना असते, आणि तिच्यापुढे लिहिलेले असते, 100 ते 120 शब्द. कथेला 80 ते 90, जाहिरातीला 50 ते 60.

मग शिक्षक हे शब्द खरोखर मोजतात का? सरळ सांगायचे तर, एकेक करून मोजत नाहीत. तपासनिसापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. शब्दावर बोट ठेवून मोजत बसायला त्याला सवड कुठून असणार? तो अंदाज घेतो. दोन-तीन ओळींतले शब्द मोजले, ओळीला सरासरी आठ पडले, तर पंधरा ओळी म्हणजे एकशेवीस. मुरलेल्या शिक्षकाला तेवढेही करावे लागत नाही, पान उलटताच नजरेला कळते. दहा-पंधरा शब्द इकडचे तिकडे झाले म्हणून निबंधाचा गुण कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभराचे एकशेतीस झाले आणि त्यातले तीसही शब्द कामाचे असले, तर बिघडले कुठे?

पण म्हणून मर्यादा नावापुरतीच आहे, असे मुलांनी समजू नये. जरा हिशेब करून पाहा. ऐंशी गुण आणि तीन तास, म्हणजे एकशेऐंशी मिनिटे. एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात, आठ गुणांच्या निबंधाला अठरा. जो विद्यार्थी 'शेतकऱ्याचे मनोगत' तीनशे शब्दांत लिहितो, त्याची चाळीस मिनिटे सहज जातात. त्याचा निबंध कुणी कापत नाही हो, पण पुढची पाच गुणांची जाहिरात कोरी राहते! जास्त लिहिल्याचा दंड शिक्षक करीत नाही, घड्याळ करते. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे गुण येथे जातात, आणि घरी मात्र ते सांगतात, "पेपर मोठा होता."

उलट टोकाचे मूलही असते. चाळीस शब्द लिहून ते पेन खाली ठेवते. त्याला "शब्द कमी पडले" असा लाल शेरा देऊन काही साधत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरी काय चालले होते, मळणी यंत्र कुणाचे आले, रात्री राखणीला कोण गेले, असे दोन-चार प्रश्न तोंडी विचारा. ते मूल भडाभडा बोलू लागते. ते बोललेलेच लिहायला सांगितले की शंभर शब्द केव्हा झाले ते त्याला कळतसुद्धा नाही.

आता एक बारीक गोष्ट, विशेषतः शिक्षकांसाठी. मराठीत एक शब्द कशाला म्हणायचे? हिंदीत 'किसानों के लिए' हे तीन शब्द, मराठीत 'शेतकऱ्यांसाठी' हा एकच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मागच्या शब्दाला चिकटतात, म्हणून तेवढ्याच शब्दांत मराठीत अधिक मावते. काही मुले 'शेतकऱ्यां साठी', 'घरा वर' असे तोडून लिहितात. त्याने संख्या वाढते खरी, पण शुद्धलेखन बिघडते; तेव्हा तो एकच शब्द धरावा आणि तोडणे मुलाला दाखवून द्यावे. मोठ्या वर्गातली चलाख पोरे याच्या उलट करतात. संख्या आटोक्यात राहावी म्हणून 'ग्रामीणविद्यार्थीजीवनसमस्या' अशी मालगाडी जोडतात.

या मालगाडीवरून आपल्याच गावची जुनी गोष्ट आठवते. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तो याच वत्सगुल्मात. संस्कृतात जिला वैदर्भी रीती म्हणतात, तिला प्राकृतात 'वच्छोमी' असे नाव होते, आणि ते वत्सगुल्मावरून आले असे विद्वान सांगतात. या रीतीची ओळख कोणती? लांबलचक समास टाळायचे, शब्द मोकळे आणि कानाला गोड ठेवायचे. वाशिमच्या मुलाने तरी मालगाडी जोडू नये!

शब्दमर्यादा सगळीकडे सारख्याच कडकपणे पाहावी असेही नाही. सारांशलेखनात उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश करायचा असतो. तेथे थोडक्यात सांगणे हेच तर कौशल्य. तेथे शिक्षकाने कडक व्हावे. साठ शब्दांच्या उताऱ्याचा सारांश पंचेचाळीस शब्दांत आला, तर तो सारांश झालाच नाही. जाहिरातीचेही तेच. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीला शब्दावर किंवा ओळीवर पैसे पडतात. वयस्कर श्रोत्यांना तार आठवत असेल. 2013 च्या जुलैत ती सेवा बंद झाली, पण तोवर शब्दागणिक दर असल्यामुळे अडाणी माणूसही तारेत एक शब्द वावगा घालीत नसे. निबंधात मात्र हात थोडा सैल सोडावा, कारण तेथे मुलाचा विचार फुलायचा असतो.

आणि ज्यांना पुढे कलेक्टर व्हायचे आहे त्यांनी हेही ऐकावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्दांचे, आणि शब्दमर्यादा पाळावी अशी सूचना असते. तेथे अंदाज नसलेला उमेदवार दुसऱ्या निबंधात अडकतो.

हा अंदाज वर्गातच यायला हवा. प्रत्येक मुलाने एकदा आपल्या वहीतल्या पाच ओळी मोजून ओळीला आपले शब्द किती पडतात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. कुणाचे सात, कुणाचे दहा. मग शंभर शब्दांना आपल्या किती ओळी, हे त्याला कायमचे कळते आणि "किती लेहू" हा प्रश्न संपतो.

दुसरा प्रयोग फळ्यावर करून पाहा. मुलांच्या वह्यांत असे वाक्य नेहमी सापडते : 'आमच्या गावामध्ये जी शाळा आहे ती शाळा खूप जुनी अशी शाळा आहे.' मुलांकडून शब्द मोजून घ्या. बारा भरतील. आता 'आमच्या गावची शाळा खूप जुनी आहे' असे लिहा. झाले सहा. उरलेल्या सहा शब्दांत त्या शाळेबद्दल आणखी काय सांगता येईल, सांगा पाहू, असे विचारा. कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणेल, 'पावसात तिच्या ओसरीत गावची माणसे थांबतात.'