दुर्बिणीचे ऑपरेशन झाले, आता घरी काय?



थंडी सुरू झाली आणि भातकापणी-झोडणी उरकली की डहाणू, कासा, तलासरी या भागात कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनची लगबग सुरू होते. काही भगिनी अंडाशयातल्या गाठीसाठी किंवा गर्भपिशवीसाठी वापी, वलसाड, सिल्वासा गाठतात, तर काही डहाणू रोडहून लोकल धरून मुंबईला जातात. यातली बरीच ऑपरेशने आता दुर्बिणीतून होतात. नसबंदी झालेली बाई त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येते. पुढचे आठ-पंधरा दिवस ती घरच्यांच्या हातात असते. वस्त्यांमधून फिरताना आम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते, "दोन तर टाके आहेत, तिला काय झालंय?" आणि तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर हंडा चढतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर या घरच्या दिवसांबद्दल लिहीत आहोत.

आत काय झालेले असते?

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बेंबीजवळ आणि ओटीपोटावर बोटाच्या पेराहून लहान छेद घेतात. पोटात वायू भरून ते फुगवतात, म्हणजे आतले नीट दिसते. मग नलिका बंद करणे, गाठ काढणे किंवा गर्भपिशवी काढणे हे काम त्या छेदांतून होते. बाहेरचा टाका लहान असला तरी आतली जखम ऑपरेशनच्या कामाएवढीच असते. गर्भपिशवी पोट उघडून काढली काय किंवा दुर्बिणीतून काढली काय, आतले टाके जुळून यायला आठवडेच लागतात.

पोटात थोडा वायू उरतो. त्यामुळे एक ते तीन दिवस खांदा दुखतो, पोट फुगल्यासारखे वाटते. खांदा का दुखतो म्हणून घाबरू नका. हळूहळू चालल्याने, कूस बदलल्याने ते कमी होते. नळी घातली असेल तर घसाही एक-दोन दिवस दुखतो.

पहिले दोन दिवस

भुलीचा अंमल पूर्ण उतरायला एक दिवस लागतो. त्या दिवशी बाईला चुलीपाशी एकटी बसवू नका, मोटरसायकल चालवू देऊ नका आणि कोणत्याही कागदावर तिची सही-अंगठा घेऊ नका. घरी आणतानाही मोटरसायकलवर मागे बसवून खड्ड्यांतून आणण्यापेक्षा रिक्षा किंवा जीप बघा. पोटाशी उशी किंवा घडी केलेली चादर धरली की धक्का कमी बसतो. खोकताना, शिंकतानाही तसेच करावे.

विश्रांती म्हणजे खाटेला खिळून राहणे नव्हे. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात, अंगणात फिरावे. पडून राहिले तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अंगावर पिणारे बाळ असेल तर पाजायला हरकत नाही, पण बाळाला उचलून तिच्या कुशीत दुसऱ्या कोणी द्यावे.

गोळ्या सांगितल्या तशाच घ्याव्यात आणि अँटिबायोटिक दिले असेल तर ते पूर्ण करावे. नाक्यावरच्या बोगस डॉक्टरकडून सुई मारून घेऊ नये. घरात सिकलसेलचा आजार असेल तर ते ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगावे. घरी आल्यावर अशा भगिनीने पाणी भरपूर प्यावे आणि थंडीपासून जपावे.

जखम आणि खाणेपिणे

पट्टी कधी काढायची आणि आंघोळ कधी करायची ते सुट्टी मिळतानाच विचारून घ्या. आंघोळीनंतर जखम चोळू नका, स्वच्छ सुती कपड्याने टिपून कोरडी करा. हळद, राख, चुना, पावडर काही लावू नका. अंगारा आपण १९५६ सालीच सोडला, तो जखमेवरही नको. जखम भरेपर्यंत नदीत, खाडीत, तलावात उतरू नये. टाके काढायचे असतील तर सातव्या दिवशी दवाखान्यात जावे. आपोआप विरघळणारे असले तरी सातव्या दिवसाची तपासणी चुकवू नये.

भात खाल्ला की जखम पिकते, डाळीने पू होतो, अंडे-मासळी उष्ण पडते, या समजुतींना आधार नाही. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, अंडी, ताजी किंवा सुकी मासळी, पालेभाजी, नाचणीची भाकरी हे सगळे चालते. पहिल्या दिवशी पेज, वरण-भात असे हलके द्यावे. पाणी कमी पडू देऊ नये. शौचाला जोर करावा लागला की टाक्यांवर ताण येतो.

काम कधी सुरू करायचे?

सगळ्या ऑपरेशनला एकच हिशेब लागू नाही.

नसबंदी असेल तर दोन दिवस पूर्ण आराम, मग हलके काम, आणि सुमारे दोन आठवड्यांनी हळूहळू नेहमीचे काम. शरीरसंबंध किमान एक आठवडा नको, त्यानंतरही बाईला बरे वाटेल तेव्हाच. महिन्याने तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे. पुढे कधीही पाळी चुकली तर लगेच तपासून घ्यावे, कारण क्वचित नलिकेत गर्भ राहतो आणि तो जिवावर बेततो.

गाठ काढली असेल तर दोन ते तीन आठवडे जपावे.

गर्भपिशवी काढली असेल तर सहा आठवडे जड उचलायचे नाही आणि सहा आठवडे शरीरसंबंध नाही. थोडा तपकिरी स्राव काही दिवस जातो. तेवढ्यासाठी घाबरू नये.

जड म्हणजे किती? पंधरा लिटरचा भरलेला हंडा पंधरा किलोचा होतो. लाकडाची मोळी, चिकूची पाटी, रेशनची गोणी, दोन वर्षांचे मूल हे सगळे जडच. बोअरिंगचा हातपंप मारणे आणि विहिरीतून पाणी शेंदणे तर पोटावर थेट ताण देते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बाईला रोज कालच्यापेक्षा बरे वाटले पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे वाढत चालले असेल तर ते साधे गॅसचे दुखणे समजू नका. आतड्याला इजा झाली असेल तर ती अशीच उशिरा कळते. खालीलपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी निघावे:

- ताप १००.४ च्या वर, थंडी वाजणे
- पोट वाढत्या प्रमाणात दुखणे, फुगून कडक होणे, सतत उलट्या
- लघवी न होणे किंवा आपोआप गळत राहणे
- तासाभरात पॅड किंवा कपडा पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव
- जखमेतून पू, घाण वास, वाढती लाली
- एका पायाची पोटरी सुजणे-दुखणे, धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदीच्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. एकाच शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ ऑपरेशने केली होती. घरी परतल्यावर त्यांना उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली होती. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या गरीब घरच्या बायका होत्या, आपल्यासारख्याच.

डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांतून रात्री दवाखाना गाठणे सोपे नाही. म्हणूनच 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. १०८ ला फोन लावा, डिस्चार्जचा कागद सोबत घ्या, आणि ऑपरेशन कोणते व कधी झाले ते पहिल्या वाक्यात सांगा.

हक्काचे पैसे, हक्काची रजा

बाई तिसऱ्या दिवशी कामावर जाते ती हौसेने जात नाही, रोज बुडतो म्हणून जाते. सरकारी दवाखान्यात नसबंदी झाली तर बुडालेल्या मजुरीपोटी अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ६०० रुपये मिळतात. बँक पासबुक आणि आधार आधीच तयार ठेवा. ऑपरेशन फसले, गुंतागुंत झाली किंवा मृत्यू झाला तर नुकसानभरपाईची योजना आहे. त्यासाठी सगळे कागद जपून ठेवावे लागतात.

डहाणूच्या फुगा कारखान्यांत किंवा उंबरगाव, वापीच्या कंपन्यांत जाणाऱ्या भगिनींनी हे माहीत करून घ्यावे: १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १९९५ साली भर घालून नसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा दिलेली आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. कष्टकरी बाईच्या विश्रांतीची किंमत मालकाने आणि सरकारने मोजावी, ही मागणी आपल्या चळवळीला नवी नाही.

घरातल्या पुरुषांना आणि मंडळाला

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नव्हती. पुरुषांचे ऑपरेशन सोपे, पोट न उघडता होणारे आणि कमी धोक्याचे असते. ते करायचे नसेल तर निदान पंधरा दिवस हंडा तरी पुरुषाने भरावा.

अतिसाराने पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुवून स्वच्छ केले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती ऐकून उठताना महिला मंडळाने एक वही काढावी. कोणाचे ऑपरेशन कधी, पाणी कोण भरणार, मुलांचे जेवण कोणाकडे, सातव्या दिवशी सोबत कोण जाणार हे तिच्यात लिहावे. विहारात एक थर्मामीटर ठेवावा आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे फोन नंबर भिंतीवर लावावेत. शेजारच्या वारली, धोडी, दुबळा पाड्यातल्या बहिणीचेही नाव त्या वहीत असावे.

एवढे प्रत्येक वस्तीने केले तर बरीच दुखणी वेळेत लक्षात येतील आणि एखादा जीव नक्की वाचेल.

जयभीम, नमो बुद्धाय!