खेळावरचा वयाचा आकडा

मोबाइलवर खेळ उतरवून घेताना नावाजवळ ३+, १२+, १६+ असा एक आकडा दिसतो. वणी, पुसद, दारव्हा, कुठल्याही गावातल्या सातवीच्या वर्गात विचारून पाहा. आकडा मुलांनी पाहिलेला असतो. तो ठरवतो कोण, हे मात्र त्यांना आणि बहुधा आपल्यालाही ठाऊक नसते.

वयाप्रमाणे वर्गवारी आपल्याला नवी नाही. चित्रपटांना ‘यू’ आणि ‘ए’ प्रमाणपत्रे देण्याची तरतूद भारतात १९४९ साली झाली. तिथे परीक्षक चित्रपट सबंध पाहतात, आणि तो प्रत्येक प्रेक्षकाला सारखाच दिसतो. खेळाची गोष्ट वेगळी. तो खेळणाऱ्यागणिक बदलतो, आणि पडद्यावर जे घडते ते खेळणारा स्वतः घडवतो.

पहिला मोठा वाद झाला तो नेमका याच मुद्द्यावर. १९७६ साली एक्झिडी या अमेरिकन कंपनीने ‘डेथ रेस’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ आणला. काळ्या पडद्यावर काही पांढऱ्या ठिपक्यांच्या काडीसारख्या आकृत्या पळत. त्यांच्यावर गाडी घातली की किंकाळी ऐकू येई आणि त्या जागी क्रूस उभा राही. ही माणसे नव्हेत, भुते आहेत, असा कंपनीचा खुलासा होता. चित्र इतके ओबडधोबड होते की दोन्ही म्हणता आले असते! तरी लोक खवळले, कारण गाडीचे चाक खेळणाऱ्याच्या हातात होते.

पुढे चित्रेही सुधारली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ (१९९२) मधले लढवय्ये हाताने काढलेले नव्हते. खऱ्या नटांच्या हालचाली चित्रित करून त्या संगणकात भरल्या होत्या. १९९३ मध्ये हा खेळ घरच्या टीव्हीवर आला. निन्टेंडोने आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी घाम दाखवला. सेगाने रक्त ठेवले, पण ते एका गुप्त संकेतामागे दडवले. तो संकेत अर्थातच मुलांमध्ये लगेच पसरला. ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये लिबरमन आणि कोल यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली. सरकार कायदा करील या धास्तीने उद्योगानेच १९९४ मध्ये वर्गवारी मंडळ काढले. ज्याचा माल त्याचीच पारख!

मोबाइलच्या काळात तर खेळांची संख्या एवढी वाढली की प्रत्येक खेळ तपासणे अशक्य झाले. म्हणून २०१३ पासून एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आली. निर्माता ती स्वतः भरतो. रक्त दिसते का? मार खाणारा माणूस आहे की काल्पनिक प्राणी? जुगार आहे का? उत्तरांवरून ठरीव नियमांनी आकडा निघतो, आणि त्याच उत्तरांवरून वेगवेगळ्या देशांत वेगळा आकडाही निघू शकतो. उत्तरांची पडताळणी होते, पण बऱ्याचदा खेळ बाजारात आल्यानंतर.

आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना आकडा दिसला की तो काय मोजतो हे विचारायची खोड असते. हा आकडा तापमापकासारखा नाही. खेळात काय दाखवले आहे ते तो सांगतो. मुलावर काय परिणाम होईल हे सांगत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटले की हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसेशी तो जोडण्याइतका पुरावा नाही. आणि रात्री दोनपर्यंत जागलेल्या मुलाची झोप या आकड्यात कुठेच नसते.

आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये एका शाळकरी मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. शाळांत ‘पबजी’वर बंदी घाला आणि हिंसक ऑनलाइन सामग्री तपासायला समिती नेमा, अशी मागणी होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पबजी’ बंद केला खरा, पण देशाची सुरक्षितता आणि माहितीची चोरी या कारणांनी. मुलांच्या वयाचा प्रश्न तिथे आलाच नाही.

वर्गात एक करून पाहता येईल. प्रश्नावलीतले चार-पाच प्रश्न फळ्यावर लिहा आणि दोन गटांना बुद्धिबळाचे वय ठरवायला सांगा. प्यादे मारतात, घोडा मारतात, राजाला कोंडीत पकडतात; रक्त मात्र दिसत नाही. मग तेच प्रश्न मुलांच्या आवडत्या मोबाइल खेळाला लावा. दोन गटांचे आकडे वेगळे आले, तर कोणत्या प्रश्नाच्या उत्तरापाशी ते फुटले ते शोधायला सांगा.