जुनी मोटार : दुरुस्त करावी कीं विकावी?

घरची मोटार दहा-बारा वर्षांची झाली आणि एके दिवशीं इंजिन चालू असूनहि चाकांना गति मिळेनाशी झाली, म्हणजे कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घरची गाडी आहे, दुरुस्त करूं. दुसरा म्हणतो, मिळेल त्या किंमतीला काढून टाकूं. दोन्ही पक्षांत भावना पुष्कळ व हिशेब थोडा असतो. तो हिशेब कसा मांडावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

इंजिनाची शक्ति क्लच व गिअरपेटी यांच्या द्वारें चाकांपर्यंत जाते. तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, यांतलें नेमकें काय बिघडलें? इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाहीं, चढावर जळका वास येतो, हें बहुधा क्लच प्लेट झिजल्याचें लक्षण होय. ही प्लेट झिजावयाचीच असते. ती बदलली कीं काम भागतें. उलट, घातलेला गिअर आपोआप निसटत असेल व पेटींतून सतत घरघर ऐकूं येत असेल, तर आंतील दांते किंवा बेअरिंगें गेलेलीं असण्याचा संभव असतो. मग पेटी उतरवून उघडावी लागते आणि खर्च वाढतो.

स्वयंचलित गाड्यांतहि भेद आहेत. २०१४ सालीं सेलेरिओ गाडींतून आपल्याकडे आलेल्या पद्धतींत पेटी साधीच असते. क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम मात्र एक निराळें यंत्र करतें. तें यंत्र बिघडलें म्हणजे पेटी बिघडली असें नव्हे. इतर स्वयंचलित पेट्यांची रचना अधिक गुंतागुंतीची असल्यामुळें त्यांची दुरुस्तीहि महाग पडते. म्हणून "पेटी गेली" एवढ्या दोन शब्दांवर विसंबूं नये. दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्यावा. त्यांत सुटे भाग, मजुरी व हमी हीं वेगवेगळीं लिहवून घ्यावीं.

आतां अंकगणित. समजा, धडधाकट स्थितींत गाडीला २,००,००० रुपये येतील, आहे त्या स्थितींत ९०,००० येतील, आणि दुरुस्तीस ७०,००० लागतील. दुरुस्त करून विकल्यास हातीं १,३०,००० राहतात. म्हणजे ४०,००० अधिक. ठेवावयाची झाल्यास खर्च केवळ ७०,००० नव्हे. विक्रीचे सोडून दिलेले ९०,००० त्यांत मिळवावे. १,६०,००० रुपयांत २,००,००० ची गाडी पदरीं पडते, म्हणून व्यवहार चोख ठरतो. दुरुस्तीस १,२०,००० लागत असते, तर तीच गाडी २,१०,००० ना पडली असती. सारांश, दोन किंमतींतील अंतराहून दुरुस्ती स्वस्त असेल तरच ती करावी. अंतर जवळजवळ सारखें असेल, तर एक गोष्ट ध्यानांत घ्यावी : आपल्या गाडीचा इतिहास आपणांस ठाऊक असतो, परक्या जुन्या गाडीचा नसतो.

गतवर्षीं टायरांवर घातलेले पैसे मात्र या हिशेबांत निराळे धरूं नयेत, ते गेले. पुढील खर्च धरावा : इंजिनाचा धूर, तळाचा गंज आणि नोंदणीची मुदत. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते.

विकावयाचें ठरल्यास दोष खरीददारास स्पष्ट सांगावा. घाट उतरतांना दुसऱ्याचें कुटुंब त्या गाडींत असेल, हें विसरूं नये. नोंदणींतलें नांवहि बदललें कीं नाहीं तें पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याच राज्यांतील विक्रीची सूचना विकणारानें १४ दिवसांत द्यावयाची असते. ज्याचें नांव नोंदणींत राहिलें, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. गाडी अगदींच जीर्ण असेल, तर ती नोंदणीकृत मोडणी केंद्रांत द्यावी. तेथील प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करांत सवलत देण्याची तरतूद आहे.

गाडीवर लोभ असणें स्वाभाविक आहे. पण त्या लोभाची किंमत किती, हें कागदावर एकदां मांडून पाहावें. मग घरांतील दोन्ही पक्षांचें एकमत होण्यास फारसा वेळ लागत नाहीं.