कमाल भावाची बातमी आणि घरातली पोरं

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या हंगामात नव्या मालाची पहिली गाडी बाजार समितीच्या आवारात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, शेतकऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. मग बोली लागते आणि व्यापारी हौसेनं चढता भाव देतात. हा मुहूर्ताचा भाव. तो मिळतो चार-दोन क्विंटल मालाला. संध्याकाळी मात्र टीव्हीच्या खालच्या पट्टीवर तोच आकडा धावू लागतो आणि त्याच्यामागे ‘विक्रमी’ हा शब्द लागतो.

यात खोटं काहीच नाही. गाडी खरी, बोली खरी, पट्टीवरचा आकडाही खरा. पण तो आकडा ऐकून दुसऱ्या दिवशी माल घेऊन गेलेल्याला व्यापारी ओलावा दाखवतो, माती दाखवतो, डागी दाणे वेगळे करून दाखवतो आणि भलताच भाव सांगतो. बाजार समितीच्या रोजच्या भावपत्रकात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे रकाने असतात. शेतकऱ्याच्या उपयोगाचा रकाना सर्वसाधारण भावाचा. टीव्ही उचलतो तो कमाल भावाचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये विदर्भात सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं, तेव्हा घरोघरी तोच आकडा बोलला जात होता. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. ती बातमी त्या मानानं कमी घरांत पोचली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले होते.

मुलांना टीव्ही कसा बघावा हे शिकवायचं म्हटलं की मला पहिल्यांदा हे भावपत्रकच आठवतं. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या तालुक्यांतल्या शेतकरी घरातल्या सातवी-आठवीच्या पोराला कमाल आणि सर्वसाधारण भावातला फरक शिकवावा लागत नाही. बापाच्या हिशोबपट्टीवर त्यानं तो पाहिलेला असतो. माध्यमांची दिशाभूल बहुतेक वेळा अशीच चालते. एक खरी गोष्ट निवडायची, बाकीच्या खऱ्या गोष्टी वगळायच्या आणि निवडलेलीच मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगायची. ‘टीव्हीवाले खोटं बोलतात’ एवढंच मुलांना सांगितलं तर ती एक तर सगळंच खोटं मानतात, नाही तर खोटं सापडलं नाही की सगळंच खरं मानतात. ‘हा कोणता रकाना आहे आणि बाकीचे कुठे गेले?’ असं विचारायला शिकवलं, तर ते जन्मभर पुरतं.

टीव्ही कमाल रकानाच का उचलतो, हेही मुलांना सांगावं. मोठ्यांनाही ते बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. वाहिनीचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालतं आणि जाहिरातीचा दर ठरतो टीआरपीवर, म्हणजे वाहिनी किती बघितली जाते याच्या मोजमापावर. २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली सुमारे २१ कोटी घरं होती. त्यांपैकी मोजक्या हजारो घरांत टीव्हीला यंत्र जोडलेलं असतं. कोणती वाहिनी किती वेळ लागली हे ते यंत्र टिपतं आणि त्यावरून देशाची आवड ठरवली जाते. इतका छोटा नमुना असला की थोड्या घरांतही लबाडी करण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीच्या हेराफेरीचा गुन्हा उघड केल्याचं जाहीर केलं. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आठवडी आकडे थांबवले गेले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. एवढं समजलं तरी चर्चेत चौघं एकाच वेळी का ओरडतात, साध्या पावसाच्या बातमीमागे ढोल का वाजतो, लाल गोल आणि बाण कशासाठी फिरतात, हे मुलाला आपोआप कळू लागतं. ती सगळी खटपट त्याचं बोट रिमोटकडे जाऊ नये म्हणून असते.

वगळण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला पाहिलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमाव धावून आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं.

त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. ती फीत कराचीतल्या एका संस्थेनं पालकांच्या जागृतीसाठी केली होती. मूळ फितीत पुढे ते दोघं मोटारसायकलवर परत येतात, मुलाला गल्लीत सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो असा मजकूर दाखवतात. फिरणाऱ्या फितीतून हा शेवट कापला होता. कुणी नवं दृश्य जोडलं नव्हतं, आवाज बदलला नव्हता, काही सेकंद फक्त काढून टाकले होते. तेवढ्यानं पालकांसाठी केलेला इशारा गुन्ह्याचा पुरावा बनला. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपर्यंतच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा चांगलीच आहे, पण कापलेली फीत ओळखायचं काम तिच्यानं होत नाही. ते बघणाऱ्याच्या डोक्यात व्हावं लागतं.

म्हणून नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही. वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्शी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, दंडही ठरवला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. मुलं अभ्यासाला बसली, घरात बोलणं वाढलं. या गावांबद्दल मला मनापासून आदर आहे. सबंध गावानं मिळून एक गोष्ट पाळणं सोपं नसतं. पण साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि टीव्ही सुरू होतो. त्यानंतर मूल काय बघतं आणि कसं बघतं, हा प्रश्न भोंग्याच्या दोन्ही बाजूंना तसाच उरतो. आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या हातात एका दिवशी मोबाइल येतो, तेव्हा त्याला सरावही नसतो आणि सावधपणाही नसतो.

हा सराव घरी लहानपणापासून करता येतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला जाहिरात म्हणजे माल विकण्याचा प्रयत्न आहे हे नीटसं कळत नाही, असं मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास सांगतो. कार्टूनमधला वाघ आणि बिस्किटाच्या जाहिरातीतला वाघ त्याच्या लेखी सारखेच. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. शेजारी बसून ‘आता हे दुकान लागलं’ एवढं सांगितलं तरी पुरे. थोड्या मोठ्या मुलासोबत बातम्या लावा आणि दोन मिनिटं आवाज बंद करा. काय दिसतं ते त्याला सांगू द्या. बहुतेक वेळा एकच चार सेकंदांचं दृश्य फिरून फिरून येतं, उरलेला वेळ निवेदकाचा चेहरा असतो. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकायला सांगा. भीती कुठून येत होती, हे त्याला स्वतःलाच सापडेल. आयाबायांनाही हा खेळ आवडतो. रात्रीच्या मालिकेत सून दारात उभी राहिली की तीनदा चेहरा का दाखवतात, यावर घरात मोठी गंमतशीर भांडणं होतात आणि पोरं मन लावून ऐकतात.

प्रश्न विचारत शिकवायची रीत वऱ्हाडाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करत आणि विचारत जास्त. आपल्या साध्या वऱ्हाडीत समोरच्या माणसांना प्रश्न टाकायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा करायचे. नवस, दारू, कर्ज काढून केलेली लग्नं, सगळं त्यातून तपासलं जाई. कीर्तनाला आलेला माणूस ऐकून नाही, बोलून जात असे.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर पोचली तेव्हाही हीच रीत उपयोगी पडली. मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ओघळ सगळ्यांना दिसला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं हे कारण गावोगावी समजावून सांगितलं. हा प्रयोग कुठल्याही शाळेत एका चमच्यावर करता येतो. मला त्यातला रंग महत्त्वाचा वाटतो. नेहमीच्या नजरेला जे दिसत नाही, ते दिसण्यासाठी स्वतः काहीतरी करून बघावं लागतं.

शाळांनी हे करावं यासाठी नव्या पुस्तकाची वाट पाहायला नको. केरळात कन्नूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग सुरू केले. लसीकरणाविरुद्ध मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांमुळे पालक मुलांना लस देईनात, हे त्यामागचं एक कारण होतं. एका जिल्ह्यानं, आपल्याच शिक्षकांना तयार करून हे काम उभं केलं. वाशिम जिल्ह्यातही जिल्हा परिषदेच्या शाळांतून लोकवर्गणीनं आणि सरकारी निधीतून टीव्ही संच आलेले आहेत. त्यांवर कविता आणि पाढे लागतात, ते उत्तमच आहे. आठवड्यातून एक तास त्याच संचावर आदल्या दिवशीची एकच बातमी दोन वाहिन्यांवरून दाखवा, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र आणि बाजार समितीचं भावपत्रक ठेवा, आणि कोणी काय वगळलं ते मुलांना शोधू द्या. येत्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनी हा ठराव मांडावा. त्याला पैसे लागत नाहीत, वरून मंजुरीही लागत नाही. मुख्याध्यापक आणि एक उत्साही शिक्षक एवढे तयार झाले की पुढच्या शनिवारी सुरुवात करता येईल.