उडी पाठ करून येत नाही
गेम डिझाइन शिकायचंय, मग थिअरी की प्रॅक्टिकल? 'सेलेस्ट' (2018) हा गेम घ्या. यात कड्यावरून पाय सुटल्यावरही 0.1 सेकंद उडी मारता येते. याला 'कायोटी टाइम' म्हणतात. व्याख्या दोन मिनिटांत पाठ होते. पण 0.1 च का, हे गोडो या गेम इंजिनमध्ये स्वतः उडी बनवून, आकडा कमी-जास्त करून मित्राला खेळायला दिल्याशिवाय कळत नाही. (तो खेळताना आपण गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड!)

थिअरीही लागतेच. मित्र नुसतं 'मजा नाही येत' म्हणतो. गडबड नियमांत आहे की त्यांतून घडणाऱ्या खेळात, हे शोधायला 2004 चा एमडीए (मेकॅनिक्स-डायनॅमिक्स-एस्थेटिक्स) आराखडा कामी येतो.

सेलेस्टमधल्या पात्राचा कोड निर्मात्यांनीच गिटहबवर टाकलाय. वर्गात आधी तोच उघडा, स्लाइड्स नंतर.