इन्सुलिनच्या कोठारातील जस्त

स्वारगेटहून मार्केट यार्डाकडे मालाची वाहने पहाटेपासून धावू लागतात. गाळ्यात माल आला म्हणजे व्यापार झाला असे नव्हे; त्याची नीट थप्पी लागली पाहिजे आणि मागणी येताच तो बाहेर पडला पाहिजे, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. आपल्या स्वादुपिंडातील बीटा पेशींचा व्यवहारही असाच चालतो.

या पेशी इन्सुलिन तयार करून सूक्ष्म पिशव्यांत साठवितात. तेथे इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती बांधले जातात. रक्तातील साखर वाढताच पिशवी रिती होते, जस्त सुटते आणि मोकळे झालेले इन्सुलिन कामाला लागते. पिशवीत जस्त पोहोचविणारा हमाल म्हणजे ‘झेडएनटी-८’ हे प्रथिन. २००४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी त्याची ओळख पटविली.

हा हमाल अडखळला तर मधुमेह बळावणार, असे कोणासही वाटेल. २००७ मध्ये त्याच्या जनुकातील एका सर्रास आढळणाऱ्या बदलाचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी संबंध दिसलाही. परंतु २०१४ मध्ये सुमारे दीड लाख लोकांच्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. ज्यांच्या या जनुकाची एक प्रत निकामी होती, त्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी होता! त्याच वर्षी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मधुमेही उंदरांना जस्त ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण दिले असता साखर उतरल्याचे नोंदविले. एकीकडे वाहतूक मंदावल्याने लाभ, तर दुसरीकडे जस्त दिल्याने लाभ. म्हणूनच ‘जस्त वाढवा, साखर घटवा’ असा सरळ हिशेब येथे मांडता येत नाही.

शाकाहारी घरांत धान्य-कडधान्यांतील फायटेट जस्ताला धरून ठेवते. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिल्यास फायटेट काहीसे घटते. तीळ, काजू, हरभरा यांतूनही जस्त मिळते. मात्र मधुमेहावरील उपाय समजून जस्ताच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. दीर्घकाळ अधिक जस्त घेतल्यास शरीराला तांबे कमी पडते.

या हमालाची ओळख रोगनिदानात मात्र आजच उपयोगी पडते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अनेकांचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती रक्ततपासणीत सापडतात. घरातील सडपातळ तरुणाची साखर अकस्मात वाढली, वजन झपाट्याने घटले, तर ‘आपल्याकडे सर्वांनाच आहे’ असे म्हणून वडिलांच्या गोळ्या त्याला देऊ नयेत. त्याला इन्सुलिनचीच गरज असू शकते आणि तेथे विलंब प्राणावर बेततो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि प्रतिपिंडांच्या तपासणीविषयी त्यांना विचारावे.