वैद्यकीय प्रवेश आणि गुणांचा हिशेब

डॉक्टरकीच्या प्रवेशाविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न पत्रिकेवरचे माझे नाव पाहून आपल्यापैकी काहींना पडला असेल. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे युनियनच्या कचेरीत झाले. पण त्या कचेरीत जून महिना लागला की पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर मुलांच्या निकालाचे कागदही येऊ लागतात. ‘दादा, पोरीला एवढे मार्क पडले, लागेल का नंबर?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणून मी हा हिशेब शिकलो, आणि शिकता शिकता ध्यानात आले की तो आपल्या मजुरीच्या हिशेबाहून फारसा निराळा नाही.

इचलकरंजीसारख्या गावी यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी मीटरवर ठरते. परंतु सगळे मीटर सारखे नसतात. एका इंचात आडवे धागे, ज्यांना तेथे ‘पीक’ म्हणतात, ५२ असतील तर कापड लवकर उतरते. ८० असतील तर त्याच मागावर तेवढेच कापड उतरायला दीडपट वेळ जातो. म्हणून ५२ पिकाचा दर धरून बाकीच्या कापडांचा दर त्यावरून काढतात. वाद झालाच तर भिंग लावावे, धागे मोजावेत. परीक्षेच्या गुणांचेही असेच आहे. एका मंडळाचे ९० आणि दुसऱ्या मंडळाचे ९० यांची वीण एक नसते. मात्र ती वीण मोजण्याचे भिंग अद्याप कोणाला सापडलेले नाही. तेव्हा तेथे मोजणीच्या जागी काहीतरी गृहीत धरावे लागते. ते कोणते, आणि त्याचा भार कोणावर पडतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम तामिळनाडूचे उदाहरण घेऊ, कारण तेथे हा हिशेब चक्क कायद्यात लिहून ठेवला होता. २००६ च्या कायद्याने त्या राज्याने प्रवेशपरीक्षा बंद केली आणि बारावीच्या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश देण्यास आरंभ केला. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा तेव्हा दर विषयाला २०० गुणांची असे. त्यांतून जीवशास्त्राचे गुण १०० पैकी, आणि पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० पैकी करून घ्यावयाचे. बेरीज २०० पैकी. समजा, एका मुलीला जीवशास्त्रात १९०, पदार्थविज्ञानात १८० आणि रसायनात १७६ गुण पडले. तर तिचे ९५, ४५ आणि ४४ मिळून १८४ होतात. म्हणजे जीवशास्त्रातला एक गुण पदार्थविज्ञानातल्या दोन गुणांच्या तोलाचा. भाषेचे गुण या हिशेबात मुळीच नाहीत. तमिळमध्ये मुलगी कितीही हुशार असो, त्या ओळीचे मोल शून्य. उद्या ज्याला खेड्यातल्या म्हातारीचे दुखणे तिच्या बोलीत ऐकून घ्यावयाचे आहे, त्याची भाषा हिशेबाबाहेर असावी हे मला काही पटलेले नाही, पण ते असो.

आता केंद्रीय मंडळाचा विद्यार्थी आला म्हणजे काय करावयाचे? कायद्यात उदाहरणच दिलेले आहे. राज्य मंडळात पदार्थविज्ञानाचा सर्वांत वरचा गुण १०० असेल आणि दुसऱ्या मंडळात ९० असेल, तर दोन्ही शिखरे सारखी, म्हणजे १००, मानावयाची. मग त्या दुसऱ्या मंडळात ज्याला ६० मिळाले त्याचे ६६.६६ धरावयाचे. त्रैराशिक सोपे आहे. गृहीत काय धरले? प्रत्येक मंडळातला पहिला विद्यार्थी सारख्याच योग्यतेचा आहे, हे.

येथे थोडे थांबून पाहू. हजारो मुलांच्या गुणांची बदली एका मुलाच्या गुणावर बेतलेली आहे. कडक तपासणीच्या मंडळात एखाद्या वर्षी एकच असामान्य मुलगा निघाला आणि त्याने १०० पैकी १०० मिळवले, तर त्याच्या मागच्या कोणालाही एका गुणाचीही वाढ मिळत नाही. उलट सढळ हाताच्या मंडळात शंभर मुलांनी १०० मिळवले, तरी शिखर १०० च. तेथे कपात होत नाही. शिखर जुळले, पण डोंगराचा उतार तसाच राहिला.

दुसरा मार्ग रांगेचा. गुण बाजूला ठेवावेत आणि आपल्या मंडळाच्या रांगेत तुमच्या मागे शेकडा किती उभे आहेत तेवढे पाहावे. यालाच पर्सेंटाइल म्हणतात. यात एका मुलाची मक्तेदारी राहत नाही, पण सगळ्या रांगा सारख्याच दमाच्या आहेत असे मानावे लागते. शहरातल्या निवडक शाळांची रांग आणि अख्ख्या राज्याची रांग एक कशी म्हणावी? महाराष्ट्रात २००८ साली अकरावीच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइल या नावाचे एक सूत्र सरकारने आणले होते. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी ते सूत्र रद्द झाले.

एकच परीक्षा घेतली म्हणजे हे सगळे मिटते, असे ‘नीट’च्या बाजूने सांगण्यात येते. मंडळांचा वाद मिटला हे खरे. बारावीचे गुण आता केवळ दारावरचा पास आहेत. तिन्ही विज्ञान विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के असले की पुरे. पण गुणांची बदली काही थांबली नाही. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकीला एक वजा, एकूण ७२०. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर बोट ठेवले तर सरासरीने चारांत एक बरोबर येणार: ४ मिळाले, ३ गेले, १ उरला. म्हणजे काहीही न येणाऱ्याने सगळे प्रश्न असेच सोडवले तर त्याच्या पदरी सरासरी ४५ गुण पडावेत.

या पार्श्वभूमीवर पात्रतेची रेषा पाहा. खुल्या गटाला ‘५० पर्सेंटाइल’ लागते. हे ऐकून बाप समजतो की ७२० पैकी ३६० हवेत. २०२२ साली ती रेषा ११७ गुणांवर होती, म्हणजे शेकडा सव्वासोळा. २०२४ साली ती १६२ वर होती. परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे जेथे संपतात तेथे ही रेषा येते. त्यांना विषय किती आला याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि वरच्या टोकाला? २०२० साली दोघांना ७२० पैकी ७२० पडले, तेव्हा वयाने मोठा तो पहिला ठरला. २०२४ साली प्रथम ६७ जणांना पूर्ण गुण जाहीर झाले. वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घेतले, तेव्हा ते ६१ उरले. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत मागवले, एकच उत्तर खरे ठरले, आणि पूर्ण गुणांचे मानकरी १७ राहिले. ज्याचे उत्तर चुकीचे ठरले त्याचे ४ गेले आणि १ वजा झाला, पाच गुण. एवढ्याशा फरकाने क्रमांक हजारोंनी मागे जातो, कारण त्या वर्षी रांगेत सुमारे २३ लाख मुले होती.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो आकडा निराळाच आहे. तामिळनाडूत नीट लागू झाल्यावर न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली तिच्या परिणामांचा अहवाल दिला. २०१६-१७ मध्ये तेथे वैद्यकीय प्रवेश मिळालेल्या शंभर विद्यार्थ्यांत सुमारे १२ जण बारावीनंतर एखादे वर्ष थांबून आलेले होते. २०२०-२१ मध्ये ते ७१ झाले. बंधुभगिनींनो, हे एक वर्ष कोणत्याही गुणपत्रिकेवर छापलेले नसते. शिकवणीची फी, वसतिगृह, आणि घरातला एक कमावता हात वर्षभर मोकळा सोडणे, इतके त्यात येते. ज्याच्या घरी ते परवडते त्याला तीच परीक्षा दोनदा देता येते. गवंड्याच्या मुलीला एकदाच. सरकारी शाळांतली मुले पूर्वीच्या पद्धतीतही तेथे फार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच तामिळनाडूने २०२० साली नीट उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळांतील मुलांसाठी ७.५ टक्के जागा वेगळ्या काढल्या.

आपल्या राज्यातही गुणांचे मोल गावावरून बदलत असे. ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांना आणि ३० टक्के साऱ्या राज्याला, अशी वाटणी होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तेथे जे गुण कमी पडत तेच दुसऱ्या विभागात चालून जात. सप्टेंबर २०२० मध्ये ही वाटणी सरकारने रद्द केली.

राहिली शेवटची बदली, गुणांची रुपयांत. २०२४ साली १३ लाखांवर मुले पात्र ठरली आणि डॉक्टरकीच्या जागा होत्या लाखाहून थोड्या अधिक. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी, आणि काही अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या वर. वरच्या क्रमांकाची मुलगी फीचा आकडा पाहून अर्ज मागे घेते, मग ती जागा खाली खाली सरकत जाते, आणि लाखो क्रमांक मागे असलेल्या, पण पैसे भरू शकणाऱ्या मुलापाशी थांबते. तोही त्याच रेषेच्या वर असतो, म्हणून कागदोपत्री तो प्रवेशही गुणवत्तेनेच झालेला असतो.